वाचक विचारतात: पत्रिकेवर ‘श्रीमंत’ छापायचं का?

प्रश्न: मुलीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे म्हणतात त्यांच्या आजोबांच्या नावाआधी ‘श्रीमंत सरदार राजे’ असं तिन्ही छापा, आमच्याकडे असं कधी कुणी लिहिलेलं नाही आणि प्रेसवाला प्रूफसाठी रोज फोन करतोय. हे कायद्याने चालतं का? आणि क्रम काय लावायचा?
– एक वधूपिता, पंचवटी

उत्तर: दादा, आधी कायद्याचं सांगते. घटनेच्या १८ व्या कलमाने सरकार कुणाला किताब देऊ शकत नाही (सैन्यातला हुद्दा आणि शिक्षणातली पदवी सोडून), आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची सरकारी मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. पण हे सगळं सरकारला लागू, घरच्या पत्रिकेवर व्याह्यांनी मानाने काय लिहावं यात सरकार येत नाही. फक्त कुणा पाहुण्याला पद्म पुरस्कार असेल तर तो नावाला जोडू नका, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट सांगितलंय, तरी पत्रिकांवर सर्रास दिसतं.

आता खरा मुद्दा. हे तीन शब्द एका माळेतले नाहीत. ‘सरदार’ हा हुद्दा, म्हणजे पदरी फौज आणि सरंजाम (फौजेच्या खर्चासाठी मिळालेला मुलूख) असलेला माणूस. ‘श्रीमंत’चा पैशाशी संबंध नाही, पेशव्यांना पत्र लिहिताना सुरुवातच ‘श्रीमंत राजश्री पंतप्रधान स्वामींचे सेवेसी’ अशी व्हायची, तो मायना आहे. आणि ‘राजे’ काही घराण्यांत नावाचाच भाग असतो, तर काहींना तो किताबातून मिळालेला असतो. तुमच्या पंचवटीतच बघा ना, गोदाघाटावरचं नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं, ज्याची घंटा सगळ्या नाशिकला माहितीये, ते बांधणारे नारो शंकर ‘राजेबहाद्दर’ म्हणून ओळखले जातात आणि तो किताब नावानंतर येतो, आधी नाही. शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवरही एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, म्हणजे ‘राजा’ नावाआधी आणि ‘छत्रपति’ नावानंतर. नाणं हातात घेऊन उलटून पाहिलं की क्रम आपोआप कळतो.

किताबात केवढा इतिहास असतो याचं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते बडोद्याचे सयाजीराव महाराज झाले आणि नावाला ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया, सेनाखासखेल, समशेरबहाद्दर’ एवढं सगळं लागलं. त्यातलं सेनाखासखेल आणि समशेरबहाद्दर हे मराठेशाहीतले, तलवारीवर मिळवलेले. पहिला तुकडा इंग्रजांनी चिकटवलेला, अर्थ काय तर इंग्रज सरकारचा खास पुत्र! कुणी दिलं आणि कशासाठी दिलं ते प्रत्येक शब्दात दिसतं.

म्हणून व्याह्यांना प्रेमाने एवढंच विचारा, घरात जुनी सनद किंवा कागद आहे का, त्यावर नाव कसं आहे? जसं असेल तसंच छापा, अक्षर न बदलता. कागद नसेल तर ‘श्रीमंत’ एकटं पुरे, मान राहतो आणि खोटं काही लिहिलं जात नाही. ‘सरदार’ मात्र कागद असल्याशिवाय नको, तो हुद्दा कुणाच्या तरी पूर्वजाने रक्त सांडून मिळवलेला असतो. आणि आजींचं नाव विसरू नका, आजोबांना तीन शब्द आणि आजींना नुसतं ‘सौ.’ असं बऱ्याच पत्रिकांवर असतं, मला ते वाचून वाईट वाटतं.

प्रश्न: कॉलेजच्या कार्यक्रमाला एका राजघराण्यातले पाहुणे सपत्नीक येणारेत, सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. ‘हिज हायनेस’ म्हणू का?
– विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर: नको गं. तो इंग्रजी दरबाराचा शब्द आहे. पहिल्यांदा पूर्ण नाव घे, ‘श्रीमंत’ लावून, पुढे प्रत्येक वेळी नुसतं ‘महाराज’. त्यांच्या पत्नीला ‘राणीसाहेब’. मोठ्या वयाच्या असतील आणि घराण्यात तशी रीत असेल तर ‘आईसाहेब’. कोल्हापूरच्या राजघराण्यातले ‘छत्रपती’ नावानंतर लावतात, शाहू छत्रपती असं, तेव्हा आदल्या दिवशी त्यांच्या माणसाला फोन करून नाव लिहून घे आणि मोठ्याने दोनदा वाचून बघ. हिंदीतलं ‘महाराजा साहब’ अजिबात नको.

प्रश्न: आजीच्या ट्रंकेत जुनी पत्रं सापडली. कुणाच्या नावाआधी ‘रा. रा.’, कुणाआधी ‘गं. भा.’, एकावर ‘तीर्थरूप’. आम्ही काय राजघराण्यातले होतो का?
– नाशिकरोड

उत्तर: ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. दरबारी पत्रात ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असा लांबलचक मायना असायचा, तो घरोघरी झिरपत आला आणि दोन अक्षरांवर थांबला, म्हणजे मास्तर, कारकून, सगळेच रा. रा. त्यामुळे त्यावरून घराणं ठरत नाही. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लिहायचे. ते आता कुणीच लिहू नये असं माझं ठाम मत आहे, बाईच्या नवऱ्याचं असणं-नसणं पाकिटावर कशाला? पण पत्रातलं खोडू नका, ती तुमच्या आजीची खूण आहे. ‘तीर्थरूप’ आई-वडिलांना लिहितात आणि ‘तीर्थस्वरूप’ त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे त्या एका पत्रावरून लिहिणारा कुणाचा मुलगा किंवा मुलगी ते तुम्हाला कळेल. घरातलं कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना जवळ बसवून एकेक पत्र वाचून घ्या, अक्षर ओळखणारं माणूस आहे तोवरच.