सगळ्यांचे हात खिशात

"मॅडम, बाकी सगळं जमतं हो, फक्त हात जमत नाहीत." चित्रं काढणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि त्याच्या पाठोपाठ येतंच, "माझ्यात टॅलेंटच नाहीये बहुतेक." म्हणून माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिला स्केचबुक घेऊन यायला सांगितलं होतं. पानं उलटत गेले तर माणसं इतकी छान, उभं राहण्यात जीव, पण हात कुणाचेच दिसेनात, कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, एकीच्या हातांवर तर शालच टाकलेली.

"हे सगळे काय लपवतायत गं?"

ती हसली आणि मग डोळे भरून आले. "मीच लपवायला लावते. हात वाईट आले की अख्खं पान फाडावंसं वाटतं."

माझं ठाम मत आहे, जे टाळतो ते अवघडच होत जातं. तिला मोजायला लावलं, वर्षभरात चेहरे किती आणि हात किती? चेहरे शेकड्यांनी, हात जेमतेम दहा-बारा, आणि तुलना मात्र दोघांची! बराच वेळ गप्प बसली. हात अवघड आहेतच, एका हातात 27 हाडं असतात आणि बोट आपल्याकडे रोखलेलं असलं की त्याची लांबी दिसतच नाही, पण त्याचा टॅलेंटशी काय संबंध?

पाचव्या भेटीत तिला म्हटलं, डावा हात टेबलवर ठेव, पाच मिनिटं फक्त हाताकडे बघत काढ, कागदाकडे बघायचंच नाही. कागदावर नुसता गुंता झाला, पण मध्येच ती थांबून म्हणाली, "अगं बाई, अंगठा बोटांच्या रांगेत नाहीच्चे! मनगटापासूनच वेगळा निघतो आणि बाजूला तोंड करून बसतो." मग हात उलटासुलटा करून, "आणि बोटं मागून लांब दिसतात, तळव्याकडून आखूड!" त्या पूर्ण वेळात 'वाईट' हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. तेव्हा मला लख्ख कळलं की ही इतके दिवस हात बघतच नव्हती, कागद तपासत होती. मनातला परीक्षक उठून गेला आणि डोळे मोकळे झाले. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी जपून ठेवलेत.

तुमचंही असंच होत असेल तर आधी तळव्याची चपटी पेटी काढा, अंगठ्याचा मांसल भाग वेगळा जोडा, चार बोटं सुरुवातीला एकच आकार म्हणून धरा आणि मग सुटी करा. बोटांची मुळं सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. हाताची लांबी साधारण हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवून बघा, कारण घाबरून काढलेले हात हमखास लहान येतात. तीस सेकंदांच्या झटपट पोझ काढताना रेघ खांद्यातून थेट बोटांपर्यंत न्या, हात शेवटी चिकटवू नका. जर्मन चित्रकार ड्यूररचे 1508 मधले ते प्रसिद्ध जोडलेले हात हेसुद्धा एका मोठ्या चित्राआधीचा अभ्यासच होता. आणि पान फाडू नका, तारीख टाका.

शेवटच्या भेटीत तिनं एक चित्र दाखवलं, बुटाची लेस बांधणारे आजोबा, दोन्ही हात अगदी समोर.

"उजवा अंगठा चुकलाय," ती म्हणाली आणि नवीन पान उघडलं. "तुमचा हात ठेवता जरा टेबलवर?"