कायद्याचं बोलू : रमीत गेलेले उसने पैसे

प्रश्न : माझा २४ वर्षांचा मुलगा २०२४च्या दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होता. पगार गेलाच, मित्राकडून घेतलेले ६० हजारही गेले. मित्र म्हणतो, ‘कोर्टात खेचतो.’ दीर म्हणतात, ‘रमी कायदेशीर आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, पैसे द्यावेच लागतील.’ मुलाला अटक होईल का? मला झोप लागत नाही.
– एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी अटकेची भीती मनातून काढा. संसदेनं ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. शिवाय तुमचा मुलगा त्याआधीच थांबला होता.

मी १९८४ साली साताऱ्यात वकिली सुरू केली, तेव्हा जुगाराची केस म्हणजे मटक्याच्या चिठ्ठ्या, पेन्सिल आणि कोऱ्या चेहऱ्याचे दोन पंच. कलमं लागायची १८८७च्या मुंबई कायद्याची. राज्यघटनेनं जुगार हा विषय राज्यांकडे दिला, म्हणून गोव्यात कॅसिनो चालतो आणि आपल्याकडे चिठ्ठी सापडली तरी खटला होतो. कौशल्याचा खेळ मात्र बहुतेक राज्यांत जुगार धरला जात नसे. या फटीतूनच रमी मोबाइलवर आली. २०२५च्या कायद्यानं ती फट बुजवली : पैसे लावले, की कौशल्य असो वा नशीब, बंदी. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण मला तो हवाच होता. फार उशिरा आला.

दीर सांगतात तो निकाल १९६८चा, सिकंदराबादच्या एका क्लबचा. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच निकालात पुढे आहे, की डावावर पैसे लागत असतील आणि क्लबवाला त्यातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. कंपन्यांच्या जाहिरातींनी पहिलं वाक्य घरोघर पोचवलं, दुसरं कुणाला सांगितलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

आता ६० हजारांचं. पैजेचा करार कुठल्याच कोर्टात वसूल होत नाही. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५पासून वेगळा कायदा आहे : जुगारासाठी आहे हे माहीत असून पैसे दिले, तर त्यांच्यासाठीही दावा चालत नाही. कराड त्याच इलाख्यातलं. मित्राचा वकील ‘रमी जुगार नव्हे’ म्हणेल, आणि त्यावर खरा वाद होईल. तिथं त्या निकालातलं दुसरं वाक्य आपल्या कामी येईल. पण सगळं अडतं ते मित्राला माहीत होतं का, यावर. तो सोबत खेळत होता का? ‘आज डाव लाव’ असा मेसेज आहे का? असेल तर ते संभाषण आजच जपून ठेवा. मुलाला स्वतःहून हप्त्यानं परत करायचे असतील, तर कायदा अडवत नाही, पावती घ्या. मात्र मित्राच्या दबावाखाली कोरा चेक किंवा स्टॅम्पपेपरवर सही देऊ नका. दिली असेल, तर मला लगेच कळवा, कारण मग उत्तर बदलतं.