न्याय ही खरोखरची गोष्ट आहे की नुसता शब्द?

भाषेच्या तत्त्वज्ञानातून पाहिलं तर न्याय म्हणजे काही असतं का, असं तुम्ही विचारलंय. मी काही प्राध्यापक नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, म्हणून नळावरून सुरुवात करतो.

आमच्या बोळात पाणी आलं की भांडण ठरलेलं. कुणी घागर पुढे सरकवली की तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली मावशी म्हणायच्या, ‘इदि न्यायमा?’ समोरच्या कानडी आजी, ‘इदु न्यायाना?’ माझी आई, ‘हा कुठला न्याय?’ तीन भाषांत शब्द एकच, आणि तिन्हीकडे प्रश्नच. ‘हा न्याय आहे’ असं नळावर कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. व्याख्या एकीलाही सांगता आली नसती, पण घागर कुणी मागे घ्यायची ते सगळ्यांना कळायचं. शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरात असतो, असं तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइनच्या १९५३ साली छापलेल्या पुस्तकात आहे. मला तो नळावर आधी कळला होता.

पण मग ‘लोक म्हणतील तो न्याय’ का? इथे ऑस्टिन हा इंग्रज तत्त्वज्ञ कामाला येतो. काही वाक्यं उच्चारणं हीच कृती असते, असं तो दाखवतो. न्यायाधीश ‘दोषी’ म्हणाले की माणूस कायद्याने दोषी ठरतो. निकाल असा बोलण्याने लागतो. (मराठीत एखाद्याचा ‘निकाल लावणे’ म्हणजे काय ते ठाऊक आहेच.) न्यायाचं तसं होत नाही. खुद्द न्यायाधीशांनी ‘न्याय झाला’ म्हटलं, तरी ‘झाला का?’ हे विचारता येतंच.

पटत नसेल तर सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी या. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. कोर्टाचा शब्द ‘खुनी’, गावाचा ‘हुतात्मा’. न्याय म्हणजे ज्याचा त्याचा अर्थ असता, तर इथे वादच उरला नसता; दोघं आपापलं बोलून मोकळे झाले असते. वाद आहे, कारण दोघंही ‘न्याय’ या त्याच शब्दावर हक्क सांगतात.

राहता राहिला कोश. न्यायसूत्रं लिहिणाऱ्या गौतमाच्या (बुद्ध नव्हे) परंपरेत ‘न्याय’ म्हणजे युक्तिवाद, आणि काकतालीय न्यायात, म्हणजे निव्वळ योगायोगाच्या दाखल्यात, तर कावळा आणि ताडाचं झाड. त्यात फार अडकू नका. नळावरचे चाचा मात्र ‘इन्साफ’ म्हणायचे. तो शब्द आणि अरबीतला ‘निस्फ’, म्हणजे अर्धा, एकाच धातूचे. चाचांना अरबी येत नव्हती. पण ते समोर असले की पाणी प्रत्येकीला अर्धी-अर्धी घागरच मिळायचं, आणि मावशी तरीही कुरकुरायच्या.