रोज आकडे मोजायचे की सोडून द्यायचे?

"मॅडम, पावलं, झोप, बीपी हे सगळं रोज ट्रॅक करण्यात काही अर्थ आहे का, की उगाच डोक्याला ताप?" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पंचेचाळिशीतले गृहस्थ, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेली. घड्याळात पावलं, झोप, हार्टरेट, शिवाय रोज वजन आणि दिवसातून सात-आठदा बीपी, एक नोंद राहिली तरी चैन पडायची नाही. बायको म्हणायची बंद करा, हे म्हणायचे बंद केलं आणि काही झालं तर? मी विचारलं काल झोप कशी झाली, तर आधी मनगट वळवून घड्याळाच्या स्क्रीनवर झोपेचा स्कोअर बघितला, मग म्हणाले, "६२. म्हणजे खराबच." आणि तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय? त्यावर बराच वेळ गप्प.

घड्याळ मेंदूच्या लहरी मोजत नाही, हालचाल आणि नाडीवरून झोपेचा अंदाज बांधतं. परफेक्ट स्कोअरच्या नादात झोपेची काळजी वाढलेल्या पेशंट्सबद्दल संशोधकांनी २०१७ मध्येच लिहिलंय, ऑर्थोसोम्निया म्हणतात त्याला. आणि १०,००० पावलांचा आकडा तर १९६० च्या दशकात जपानमधल्या एका पेडोमीटरमुळे, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्रामुळे, रूढ झाला, तेवढी झाली नाहीत म्हणून रात्री घरात येरझारा घालायची खरंच गरज नाही.

मग आम्ही एकेक आकडा घेऊन बसलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, हा वाढला किंवा कमी झाला तर तुम्ही काय वेगळं करणार? बीपीवरून डॉक्टर डोस ठरवणार होते, म्हणजे ते ठेवायचंच, पण नीट. डॉक्टरांकडे जायच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, बस. धास्तावून मोजलं की जास्त येतं, ते बघून अजून धास्ती, परत मोजायचं, हे चक्र त्यांचं त्यांनाच दिसलं. वजन आठवड्यातून एकदा, कारण रोजचा चढउतार बराचसा पाण्याचाच असतो. झोपेच्या स्कोअरवरून मात्र ते काहीच करत नव्हते, फक्त दिवस खराब जायचा.

रात्री घड्याळ काढून ठेवायचं ठरलं. सुरुवातीला फार अस्वस्थ व्हायचे, तेव्हा त्यांना सांगितलं की घोरणं, रात्री गुदमरून जाग येणं, दिवसा पेंगणं असलं काही असेल तर सरळ डॉक्टरांना सांगा, स्कोअर चांगला आला तरी सांगा.

पावलं ते अजून मोजतात. त्यांना त्यात मजा येते, आणि मला ते कारण पुरेसं वाटतं.