वाचकांचे प्रश्न : वाफेच्या महाकाय इंजिनांविषयी

गेल्या अंकात बाष्पशक्तीवरील एका छोट्या प्रश्नाला उत्तर देताना मी अमेरिकेतील ‘बिग बॉय’ या रेल्वे इंजिनाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रे आली, आणि त्यांतील काही इतकी हळवी आहेत, की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यायचे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतून पुढील प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : ‘बिग बॉय’ हे जगातील सर्वांत मोठे वाफेचे इंजिन होते असे सगळीकडे वाचायला मिळते. माझे एक स्नेही मात्र ठामपणे सांगतात, की त्याहून मोठी इंजिने होऊन गेली. खरे काय समजायचे?

उत्तर : तुमचे स्नेही चुकीचे नाहीत आणि तुम्ही वाचलेले अगदीच खोटे नाही, ‘मोठे’ कशाला म्हणायचे यावर सारे अवलंबून आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने स्केनेक्टडी येथील कारखान्यात ही २५ इंजिने बांधली. पहिली वीस १९४१ मध्ये आणि उरलेली पाच १९४४ मध्ये. टेंडर, म्हणजे मागे जोडलेली कोळशापाण्याची गाडी, धरून त्याची लांबी ४० मीटरांहून थोडी अधिक आणि भरलेल्या स्थितीतील वजन सुमारे ५४० टन होते. हा आकार कोणाच्या हौसेतून आलेला नव्हता. युटा राज्यातील ऑग्डेनहून पूर्वेकडे निघाले की वासाच डोंगररांग लागते आणि तेथे दर १०० मीटरांमागे १.१४ मीटर चढण आहे. जड मालगाडीला या चढणीवर जादा इंजिने जोडावी लागत, ती जोडण्यात आणि काढण्यात वेळ जाई. ३,६०० अमेरिकी टनांची गाडी एकट्याने वर नेणारे इंजिन हवे, एवढी साधी मागणी होती, आणि त्या मागणीच्या गणितातून हा आकार निघाला.

आता मापे बदलून पाहू. नुसती लांबी मोजायची, तर पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे ‘एस-१’ त्याच्यापुढे जाते. टेंडरसह ते ४२ मीटरांहून अधिक लांब होते. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ते रोलरांवर उभे करून त्याची चाके जागच्या जागी फिरवून दाखवत आणि लोक थक्क होऊन पाहत. मात्र एवढ्या लांबीमुळे त्या रेल्वेवरील अनेक वळणे त्याला घेताच येत नसत, आणि १९४९ मध्ये ते मोडीतही निघाले. अश्वशक्ती मोजायची, तर लायमा कारखान्याने चेसापीक अँड ओहायो रेल्वेसाठी बांधलेली ‘अ‍ॅलेगेनी’ इंजिने चाचण्यांत ७,५०० च्या आसपास पोहोचली होती, तर बिग बॉयची नोंद सहा हजारांच्या थोडी वर आहे. ओढीचा जोर मोजायचा, तर १९१४ पासून बाल्डविन कारखान्याने बांधलेली ‘ट्रिपलेक्स’ इंजिने कागदावर दोघांनाही मागे टाकतात.

‘कागदावर’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. ट्रिपलेक्सला सिलिंडर आणि चाकांचे तीन संच होते आणि तिसरा संच चक्क टेंडरखाली बसवलेला होता. सुटताना या इंजिनाचा जोर प्रचंड असे, पण थोडा वेग घेतला की बॉयलरला वाफ पुरवता येत नसे. त्यात आणखी एक गोम होती. वाफेच्या इंजिनात सिलिंडरांतून सुटलेली वाफ धुराड्यातून वेगाने वर जाते आणि जाताना भट्टीतील हवा स्वतःबरोबर खेचून नेते. इंजिन जितके कष्ट करील तितका विस्तव आपोआप फुलतो. ट्रिपलेक्सच्या मागच्या संचाची वाफ टेंडरच्या मागील नळीतून हवेत सोडून दिली जात असे, त्यामुळे विस्तवाला फुंकर मिळण्यातही तूट येई. म्हणूनच, नुसता आकार न पाहता, जितकी वाफ लागते तितकी तयार करून दिवसेंदिवस काम करणारे सर्वांत मोठे इंजिन कोणते असे विचाराल, तर माझे मत बिग बॉयलाच. त्याच्या भट्टीची जाळी सुमारे १४ चौरस मीटर होती, म्हणजे राहत्या घरातील एखाद्या खोलीएवढी.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. कंपनीच्या मनात या वर्गाला ‘वासाच’ हे नाव द्यायचे होते. कारखान्यातील कोण्या कामगाराने तयार होत असलेल्या पहिल्या इंजिनाच्या पुढच्या तबकडीवर खडूने ‘बिग बॉय’ असे लिहिले आणि तेच नाव कायम झाले.

प्रश्न : एवढे लांबलचक इंजिन वळण कसे घेत असे? ते मधोमध वाकत असे काय?

उत्तर : बॉयलर वाकत नाही, त्याखालची चाके वाकतात. बिग बॉयची चाकरचना ४-८-८-४ अशी लिहितात, म्हणजे पुढे वाट दाखवणारी चार चाके, मग आठ-आठ ओढणाऱ्या चाकांचे दोन संच आणि शेवटी भट्टीचा भार घेणारी चार चाके. मागच्या संचाच्या सांगाड्यावर बॉयलर पक्का बसवलेला असतो. पुढचा संच मात्र मागच्याला एका भक्कम बिजागरीने जोडलेला असून तो बॉयलरच्या पोटाखाली डावी-उजवीकडे सरकतो. तीव्र वळणावर घेतलेले छायाचित्र समोरून पाहिले, तर बॉयलरचे तोंड रूळ सोडून बाहेर डोकावताना दिसते आणि इंजिन आता घसरणार असे वाटते. प्रत्यक्षात खालची चाके निमूटपणे रुळांवरूनच जात असतात. ही युक्ती स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते अनातोल माले यांची असून १८८४ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. माले यांच्या मूळ रचनेत एकदा वापरलेली वाफ पुढच्या सिलिंडरांत पुन्हा वापरली जात असे. बिग बॉयच्या चारही सिलिंडरांना मात्र बॉयलरची ताजी वाफ मिळते, म्हणून काटेकोर अभ्यासक त्याला ‘माले’ म्हणत नाहीत.

ब्रिटिश अभियंते हर्बर्ट गॅरेट यांनी १९०७ मध्ये आणखी वेगळा मार्ग शोधला. त्यांनी दोन स्वतंत्र इंजिनगाड्यांच्या मध्ये बॉयलर झोळीसारखा टांगला. खाली चाके नसल्याने बॉयलर हवा तेवढा जाड आणि भट्टी हवी तेवढी खोल करता येई, आणि वजन अनेक चाकांवर विभागल्याने हलक्या रुळांवरही मोठे इंजिन चालवता येई. मोंबासा ते नैरोबी या अवघ्या एक मीटर रुंदीच्या मार्गावर १९५५ नंतर धावलेली ५९ वर्गाची गॅरेट इंजिने सुमारे २५० टनांची होती. त्या प्रत्येकाला पूर्व आफ्रिकेतील एकेका पर्वताचे नाव दिले होते, आणि ते शोभून दिसत असे.

हा सांधा न ठेवल्यास काय होते, याचे उत्तर सोव्हिएत संघात मिळाले. १९३४ मध्ये तेथे एकाच ताठ सांगाड्यात ओढणाऱ्या चाकांच्या सात जोड्या बसवलेले इंजिन बांधण्यात आले. वळणावर ते रूळ फाकवू लागले, सांध्यांवर रुळांखाली उतरू लागले, आणि तसे दुसरे इंजिन पुन्हा कोणी बांधले नाही.

प्रश्न : खोलीएवढ्या भट्टीत एक फायरमन फावड्याने कोळसा कसा टाकणार?

उत्तर : टाकत नसेच. टेंडरच्या तळातून भट्टीपर्यंत एक जाड मळसूत्र फिरत असे. ते कोळसा पुढे आणी आणि वाफेचे झोत तो जाळीवर चहूकडे उडवत. टेंडरमध्ये सुमारे २५ टन कोळसा मावे. फायरमनचे हात मोकळे झाले तरी डोळे मोकळे नव्हते, कारण पाण्याची पातळी, वाफेचा दाब आणि धुराचा रंग यांवरून त्याला नजर हलवता येत नसे.

प्रश्न : एवढी समर्थ यंत्रे वीस वर्षांत भंगारात का गेली? मला तर हा डिझेल इंजिने विकणाऱ्यांचा डाव वाटतो.

उत्तर : तुमच्या पत्रातील संताप मला समजतो, कारण तरुणपणी माझेही हेच मत होते. आता तसे वाटत नाही. पहिली अडचण निसर्गनियमांचीच होती. चांगल्या वाफेच्या इंजिनातही कोळशातील उष्णतेपैकी साधारण सहा ते आठ टक्केच गाडी ओढण्याच्या कामी येत असे आणि बाकीची धुराड्यातून निघून जाई. त्या काळचे डिझेल इंजिन त्याच्या तिप्पट-चौपट उपयोग करून घेत असे.

त्याहून मोठी अडचण होती मनुष्यबळाची. डिझेल इंजिन बटण दाबून सुरू करता येते. वाफेच्या इंजिनाची थंड भट्टी पेटवून कामाचा दाब येईपर्यंत कित्येक तास जातात. फेरी संपली की राख काढायची, शेकडो ठिकाणी वंगण घालायचे, आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून त्यातील क्षार आणि गाळ धुऊन काढायचा. ही कामे करणाऱ्या माणसांच्या अंगावर काजळी, कानांत कायमचा दणदणाट आणि छातीत धूळ असे. धुराच्या आठवणीने आपण हळवे होतो, तेव्हा त्या धुरात उभी राहिलेली माणसे आपल्या छायाचित्रांत क्वचितच येतात, हे मला खटकते.

आणि तिसरी गोष्ट कालक्रमाची. जनरल मोटर्सने चार भागांचे ५,४०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन १९३९ मध्ये रुळांवर आणून देशभर फिरवून दाखवले होते. चारही भाग एकच ड्रायव्हर एका जागेवरून चालवत असे. म्हणजे पहिला बिग बॉय कारखान्यातून बाहेर पडला, त्याच्या दोन वर्षे आधीच त्याला पर्याय ठरणारे यंत्र धावत होते. बिग बॉयसारखे अवाढव्य इंजिन लहान कामाला लावणे परवडत नाही. डिझेलचे भाग मात्र चढणीसाठी जोडायचे आणि सपाटीवर सोडून द्यायचे. बिग बॉयने नियमित मालगाडी शेवटची ओढली ती जुलै १९५९ मध्ये. कोळसा वाहून नेण्यावरच जगणाऱ्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने वाफ सर्वांत नेटाने टिकवली, इंजिनांची देखभाल विलक्षण वेगवान केली, तरी १९६० मध्ये तिलाही हात टेकावे लागले. डाव असता तर निदान ही रेल्वे त्याला बळी पडली नसती.

चीनने मात्र डोंगराएवढा स्वदेशी कोळसा हाताशी असल्याने दातोंगच्या कारखान्यात मोठी वाफेची इंजिने १९८८ पर्यंत बांधली, आणि आतल्या मंगोलियातील जीतोंग मार्गावर ती २००५ च्या अखेरीपर्यंत गाड्या ओढत होती.

प्रश्न : माझे वय एकवीस. वाफेच्या इंजिनाच्या गाडीतून मी कधीही प्रवास केलेला नाही, तरी त्याची चित्रफीत पाहताना डोळे भरून येतात. जे अनुभवलेच नाही त्याची ओढ कशी वाटू शकते?

उत्तर : हा या वेळचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. माझा तर्क असा, की वाफेचे इंजिन आपले काम लपवत नाही. विजेच्या किंवा डिझेलच्या इंजिनात शक्ती पत्र्याच्या आड तयार होते आणि बाहेरून ते फक्त सरकताना दिसते. येथे दट्ट्याचा दांडा आत जाताना दिसतो, बाहेर येताना दिसतो, त्याला जोडलेला लांब दांडा चाकाला ढकलताना दिसतो, आणि जड गाडी हलवताना चाक घसरले तर त्या एका क्षणी सारे यंत्र चवताळलेले दिसते. कारण आणि परिणाम एका नजरेत मावतात.

उभे असतानाही ते गप्प नसते. स्थानकात थांबलेल्या इंजिनाजवळ गेलात तर ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या पंपाचे सावकाश ठोके ऐकू येतात, सिलिंडरखालच्या तोट्यांतून पाणी ठिबकते, कुठेतरी बारीक फुसकारा चालू असतो, आणि गरम तेल व ओल्या राखेचा वास दहा पावलांवरून येतो. ड्रायव्हर हातात तेलाची लांब चोचीची बुधली घेऊन दांड्यांमध्ये वाकतो आणि प्रत्येक सांध्याला हाताची मागची बाजू लावून तो तापला आहे का ते पाहतो. आजारी माणसाचा ताप पाहण्याची हीच रीत आहे. अशा यंत्राला लोक जिवंत समजले तर नवल नाही.

आवाजाचेही गणित आहे. साध्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार होतात. बिग बॉयचे ओढणारे चाक एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर जाते, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला दर सेकंदाला तीन फेरे आणि प्रत्येक संचाचे बारा फुत्कार. पण त्याच्या दोन संचांची चाके एकमेकांना जोडलेली नसतात. ती कधी एका ठेक्यात येतात, कधी हळूहळू निसटतात, आणि ऐकणाऱ्याला तबल्याच्या दोन जोड्या कधी जुळून, कधी मागेपुढे वाजत असल्यासारखे वाटते. चित्रफितीत डोळे मिटून हे ऐकून पाहा.

प्रश्न : आज यांपैकी एखादे चालू स्थितीत पाहता येते का?

उत्तर : येते. २५ पैकी आठ बिग बॉय शिल्लक असून सात प्रदर्शनात उभी आहेत. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे अनेक दशके निश्चल उभे असलेले ४०१४ क्रमांकाचे इंजिन युनियन पॅसिफिकने २०१३ मध्ये परत मिळवले, वायोमिंगमधील शायेन येथे नेऊन त्याचा सांधान् सांधा सुटा केला आणि मे २०१९ मध्ये, अमेरिका खंड ओलांडणारा लोहमार्ग पूर्ण झाल्याला १५० वर्षे होत असताना, पुन्हा वाफेवर आणले. आता ते कोळशाऐवजी तेल जाळते, याबद्दल कर्मठ चाहते कुरकुर करतात. मला ती कुरकुर पटत नाही, कारण ठिणग्यांनी लागणाऱ्या वणव्यांची धास्ती खरी आहे. पाहुण्यांची गाडी घेऊन ते निघते तेव्हा मदतीला बहुधा एक डिझेल इंजिनही मागे जोडलेले असते. जून २०२३ मध्ये मात्र उलटे घडले. नेब्रास्कातील ब्लेअर येथे डिझेल इंजिनांची एक मालगाडी चढणीवर अडकून पडली होती, तेव्हा योगायोगाने त्याच मार्गावरून परतणाऱ्या ४०१४ ने तिच्या मागे लागून तिला ढकलून पुढे काढले.