आयआरएसचे (अमेरिकी करखात्याचे) क्रिमिनल एजंट दारात आले, आता काय?
दोन स्पेशल एजंट घरी येऊन भारतातल्या न दाखवलेल्या खात्यांबद्दल विचारत असतील, तर प्रकरण साध्या ऑडिटचं नाही, फौजदारी आहे. त्यांचं कार्ड घ्या आणि 'वकिलामार्फत बोलेन' एवढंच सांगा. थाप मारलीत तर तो वेगळा गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद. नेहमीच्या सीपीएपाशी, म्हणजे अमेरिकेतल्या सीएपाशी, मन मोकळं करू नका (बहुतेकजण पहिला फोन त्यालाच करतात!), फौजदारी खटल्यात ते बोलणं गोपनीय राहत नाही, त्याला साक्षीला बोलावता येतं. फेडरल करगुन्हे लढवलेला वकील गाठा, नवा हिशेबतज्ज्ञ त्यालाच नेमू द्या, म्हणजे त्याच्याशी झालेलं बोलणं वकिलाच्या गोपनीयतेत येऊ शकतं. याला 'कोव्हेल' व्यवस्था म्हणतात. कागद फाडू नका. वकिलाला न विचारता सुधारित रिटर्नही भरू नका, ते कबुली म्हणून वापरलं जाऊ शकतं. आरोप दाखल झाला आणि वकील परवडत नसेल, तर कोर्ट नेमून देतं.