सुचवलेली पुस्तकं वाचली का जात नाहीत?

प्रश्न : सोलापुरात आमच्या वाचनालयात दर महिन्याला आम्ही 14 जण पुस्तकांवर बोलायला बसतो. वयं 22 ते 75. प्रत्येक जण तीन-तीन पुस्तकं सुचवतो, पण पुढच्या बैठकीपर्यंत त्यातलं एकही कुणी वाचलेलं नसतं. काय चुकतंय?

उत्तर : घोडं पेंड खातं ते यादीपाशी. 14 जणांची तीन-तीन म्हणजे 42 नावं. घरी पोचेपर्यंत एकही लक्षात राहत नाही. एकानं एकच पुस्तक सुचवावं, तेही हातात घेऊन, पाच मिनिटांत. त्यात गोष्ट सांगत बसू नये. सगळी गोष्ट कळली की ऐकणाऱ्याची ओढच संपते. हे पुस्तक गटात कुणाला आवडेल आणि वाचताना तो कुठं अडेल, एवढं सांगावं आणि एखादं पान मोठ्यानं वाचावं.

‘बनगरवाडी’ घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी (1955) अंगानं लहान, महिन्यात सहज होते. गोष्ट माणदेशातली. माणदेश आपल्या सांगोल्याला लागूनच, तरी शहरात वाढलेली मुलं तिथल्या बोलीपाशी अडतात. ती बोली कानावर पडली की लगेच उलगडते. तरुण मास्तर गावात पहिल्यांदा येतो तिथली दोन पानं गटातल्या सांगोल्याकडच्या कुणाला तरी वाचायला सांगा. शेवट मात्र फोडू नका.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची अडचण वेगळी. मूळ चार भाग आहेत, शिवाय संक्षिप्त आवृत्तीही आहे. एकाच्या हातात ही, दुसऱ्याच्या हातात ती. मग ‘पान 80 काढा’ म्हटलं की गोंधळ उडतो. पान सांगण्याऐवजी प्रसंग सांगा. जाडी बघून जे मागं सरतात त्यांना फक्त पहिला भाग द्या. बाई समोर बसून बोलाव्यात तसं लिहितात. त्या आवाजाची सवय झाली की पुढचे भाग वाचक स्वतःहून मागतो.

आता बैठकीची वही. तिच्यात लिहा पुस्तक, लेखक, आवृत्ती, दाखल क्रमांक (वाचनालयानं पुस्तकावर घातलेला नंबर) आणि शेवटच्या रकान्यात ते घरी नेणाऱ्याचं नाव. हा रकाना रिकामा ठेवून बैठक संपवू नका. आमच्या मते सगळं त्यावरच अडतं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं ठरलं तर आधी प्रती मोजा. एकच प्रत आणि 15 दिवसांची मुदत असेल, तर 14 जणांत ती फिरायला 7 महिने लागतील. चार प्रती मिळाल्या तर दोन महिन्यांत सगळ्यांचं वाचून होतं.

प्रश्न : गटात कन्नड आणि तेलुगू वाचणारेही आहेत. त्यांना कसं सामावून घ्यावं?

उत्तर : सोलापुरातल्या गटाला हे मोठंच भांडवल आहे. एस. एल. भैरप्पांची महाभारतावरची ‘पर्व’ मूळ कन्नडमध्ये आहे, मराठीत ती उमा कुलकर्णींनी आणली. पुस्तक जाडजूड, एका महिन्यात आवरणारं नाही. कुंतीच्या आठवणींचा भाग तेवढा निवडा. एकानं कन्नड परिच्छेद वाचावा, लगेच दुसऱ्यानं मराठी, आणि कुठला शब्द मराठीत वेगळा झाला ते कन्नड वाचणाऱ्यानं सांगावं. तेलुगू वाचणाऱ्यांनी आवडती कथा आणावी. आधी मराठीत चार वाक्यांत प्रसंग सांगावा, मग मूळ परिच्छेद वाचावा. उलट क्रमानं केलं तर बाकीचे ऐकणं सोडून देतात.